कांदा, ऱ्हिओ आणि हायड्रिला: शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून वनस्पती पेशी नीट बघायच्या तर

विज्ञानाच्या पुस्तकात वनस्पती पेशीची जी आकृती असते, तशी पेशी कुठल्याही एका स्लाईडवर दिसत नाही. त्या आकृतीत पेशीभित्तिका, तिच्या आतलं पातळ प्रद्रव्यपटल, केंद्रक, पेशीरसाने भरलेली मोठी रिक्तिका, हिरवी हरितलवकं, तंतुकणिका असं सगळं एका चौकोनात बसवलेलं असतं. कांद्याच्या पापुद्र्यात हरितलवकं नसतात. ऱ्हिओ या शोभेच्या झाडाच्या पापुद्र्यात रिक्तिका सुरेख दिसते, पण केंद्रक शोधावं लागतं. हायड्रिला या पाणवनस्पतीच्या पानात हरितलवकं धावताना दिसतात आणि त्यांच्या गर्दीत केंद्रक हरवून जातं. त्यामुळे एकट्या कांद्यावर तास संपवला, की मुलं आयपीसमध्ये (डोळ्याजवळच्या भिंगात) एक बघतात आणि वहीत पुस्तकातली आकृती उतरवतात. तिन्ही स्लाईड दाखवल्या तर ती आकृती कुठून कुठून जमा झाली आहे, हे त्यांना आपलं आपण कळतं. तिन्ही वस्तू फुकट किंवा जवळजवळ फुकट मिळतात आणि दोन तासिकांत हे सगळं बसतं.

आधी उजेड

स्लाईड चांगली होऊनही काही दिसत नाही, याचं कारण बहुतेक वेळा उजेडात असतं. पेशी जवळजवळ पारदर्शक आहे. तिच्यावर भरपूर उजेड टाकला तर ती दिसेनाशी होते. डायफ्रॅम, म्हणजे स्लाईडखालची उजेड कमी-जास्त करणारी झडप, पूर्ण उघडा ठेवून आरसा खिडकीकडे वळवला, की गोल पांढराशुभ्र चमकतो आणि त्यात भित्तिकांच्या फिकट रेघांपलीकडे काही उमटत नाही. डायफ्रॅम अर्ध्याहून जास्त बंद करा. गोल थोडा अंधारतो, पण कडा, कण आणि केंद्रकाची बाह्यरेषा उठून येते. न रंगवलेली पेशी बघायची तर हा एवढा बदल सगळ्यात मोलाचा आहे. मोठ्या भिंगावर गेल्यावर तो पुन्हा थोडा उघडावा लागतो, कारण तिथे उजेड कमी पोचतो.

आरशाला दोन बाजू असतात. स्टेजखाली, म्हणजे स्लाईड ठेवतो त्या चौकटीखाली, उजेड एकवटणारं कंडेन्सर भिंग नसेल तर अंतर्वक्र बाजू वापरायची, असेल तर सपाट. खिडकीतून दिसणारं आकाश किंवा उजेड पडलेली पांढरी भिंत हा सगळ्यात चांगला स्रोत. आरसा थेट सूर्याकडे कधीही वळवायचा नाही. भिंगांतून एकवटलेलं ऊन डोळ्याच्या पडद्याला कायमची इजा करू शकतं. पावसाळी दिवशी पांढऱ्या कागदामागे एलईडी बल्ब ठेवला तरी काम भागतं.

भिंगावर कोरलेले आकडे मुलांना एकदा वाचून दाखवावेत. १०/०.२५ किंवा ४०/०.६५ असं असतं त्यातला पहिला आकडा किती पट मोठं दिसेल हे सांगतो, तर दुसऱ्यावरून किती बारीक तपशील वेगळा दिसेल हे कळतं. त्याखाली बहुधा १६०/०.१७ असतं: १६० मिमी लांबीची नळी आणि ०.१७ मिमी जाडीची कव्हर स्लिप (नमुन्यावर ठेवायची पातळ काच) धरून हे भिंग बनवलं आहे. म्हणूनच दोन कव्हर स्लिपा चुकून चिकटलेल्या असतील किंवा पाण्याचा थेंब फार मोठा असेल, तर १०× वर छान दिसणारं चित्र ४०× वर धुरकट होतं. स्लाईड उलटी ठेवली गेली, म्हणजे कव्हर स्लिप खाली, तर ४०× वर फोकस मिळतच नाही. स्लाईडची जाडी एक मिमीच्या आसपास असते आणि ४०× भिंगाला वस्तूपासून अर्ध्या मिमीच्या आसपास अंतर लागतं. ते अंतर काचेतच संपतं आणि भिंग स्लाईडवर घासतं.

क्रम नेहमी तोच. सुरुवात १०× वर. बाजूने डोळा लावून, आयपीसमधून नव्हे, भिंग स्लाईडच्या जवळ आणायचं. मग आयपीसमधून बघत मोठ्या स्क्रूने भिंग हळूहळू वर घ्यायचं. चित्र आलं की हवी ती पेशी गोलाच्या मधोमध आणायची. इथे मुलं अडखळतात, कारण चित्र उलटं असतं आणि स्लाईड उजवीकडे सरकवली की पेशी डावीकडे पळते. त्यानंतर ४०× फिरवायचं आणि पुढे फक्त बारीक स्क्रू. ४०× वर मोठ्या स्क्रूला हात लावला की कव्हर स्लिप फुटते, आणि कधी कधी भिंगावर ओरखडाही येतो.

कांदा, रंग न लावता

लाल, पांढरा कुठलाही कांदा चालतो. कांदा उभा चार भागांत कापून वरचे एक-दोन मांसल थर सोडून द्यावेत आणि तिसरा किंवा चौथा घ्यावा. थराची आतली, खोलगट बाजू आपल्याकडे करून तो मागे मोडायचा. पूर्ण तुटू द्यायचा नाही. मोडलेल्या जागी आतल्या बाजूचा पातळ पारदर्शक पापुद्रा दोन तुकड्यांना जोडून राहतो. चिमट्याने तो अलगद ओढला की सुटतो. हा पापुद्रा एकाच पेशीच्या जाडीचा असतो, आणि कांदा शाळेत इतका रुळला याचं खरं कारण हेच. बाहेरच्या फुगीर बाजूचा पापुद्रा निघायला अवघड जातो. त्याला खालच्या पेशी चिकटून येतात आणि स्लाईड गढूळ दिसते.

पापुद्रा निघाल्या क्षणी वॉच ग्लासमधल्या पाण्यात टाका. हवेत काही सेकंद राहिला तरी तो गुंडाळतो, आणि एकदा वळलेला पापुद्रा सरळ करताना पेशी फाटतात. पाण्यातच ब्लेडने ५ मिमी बाजूचा चौकोन कापा. मोठा तुकडा घेण्यात काही फायदा नाही, कारण १०× वर दिसणारा गोलच दीड ते दोन मिमीचा असतो. ब्लेड अर्धं वापरावं, एका धारेवर चिकटपट्टी लावून, आणि कापायचं काम मोठ्यांनी करावं.

स्लाईडवर पाण्याचा एक थेंब ठेवून त्यात तुकडा ब्रशने सपाट पसरा. घडी राहिली तर पेशींचे दोन थर एकावर एक दिसतात आणि मुलं ते जाळं तसंच काढतात. कव्हर स्लिपची एक कड थेंबाला टेकवून ती साधारण ४५ अंशांत धरा आणि सुईच्या आधाराने सावकाश खाली सोडा. वरून सपकन टाकली की हवा अडकते. हवेचा बुडबुडा ओळखायला सोपा आहे: अगदी गोल, जाड काळी कड, आत काहीही नाही. तरीही दरवेळी निम्म्या वर्गाची पहिली आकृती बुडबुड्याची असते, म्हणून बुडबुडा आधीच दाखवून ‘ही पेशी नाही’ असं सांगून टाकलेलं बरं. कडेला उरलेलं पाणी टिपकागदाने शोषून घ्या. कव्हर स्लिप तरंगत असेल तर चित्र सतत सरकत राहतं.

आता डायफ्रॅम बंद करून बघा. विटा रचाव्यात तशा लांबट पेशी दिसतात. एका पेशीवर थांबून ४०× लावा आणि बारीक स्क्रू अगदी थोडा पुढे-मागे करत राहा. पेशीला जाडी आहे, त्यामुळे एका फोकसमध्ये ती पूर्ण दिसत नाही. वरच्या भित्तिकेलगतची पातळी एकदा दिसते, मधली एकदा. केंद्रक बहुतेक वेळा कडेला चिकटलेलं असतं, कारण पेशीचा बहुतांश भाग रिक्तिकेने व्यापलेला असतो आणि पेशीद्रव्य भित्तिकेलगत एका पातळ थरात दाबलेलं असतं. काही पेशींत केंद्रक मधोमध दिसतं. तेही बहुधा वरच्या किंवा खालच्या भित्तिकेला टेकलेलंच असतं, आपण वरून बघतो म्हणून मध्ये वाटतं. फोकस बदलला की हे लगेच पटतं.

धीर धरून एकाच पेशीत मिनिटभर बघितलं, तर कडेने आणि पेशी ओलांडून जाणाऱ्या बारीक धाग्यांवरून सूक्ष्म कण सरकताना दिसतात. हे पेशीद्रव्याचं वहन. कांदा ताजा हवा, पापुद्रा कोरडा पडलेला नको, आणि रंग अजिबात नको. आयोडीन घातलं की पेशी मरते आणि ही हालचाल थांबते. शाळेत बहुधा स्लाईड तयार होताच रंगाचा थेंब पडतो आणि मुलं मेलेली पेशी बघून पेशी जिवंत असते असं लिहितात. मला हा क्रम चुकीचा वाटतो. आधी जिवंत पेशी, मग रंग.

मग रंग

रंगासाठी कव्हर स्लिप उचलायची गरज नाही. एका कडेला आयोडीनचा एक थेंब ठेवा आणि समोरच्या कडेला टिपकागद लावा. कागद पाणी शोषतो, तसं आयोडीन आत ओढलं जातं. एक-दोन मिनिटांत केंद्रक पिवळसर तपकिरी होऊन उठून दिसतं.

आयोडीनचं द्रावण करताना सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे आयोडीनचे स्फटिक थेट पाण्यात टाकणं. ते साध्या पाण्यात जेमतेम विरघळतात. आधी २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड थोड्याशा पाण्यात विरघळवा, त्यात १ ग्रॅम आयोडीन घाला, पूर्ण विरघळलं की पाणी घालून ३०० मिली करा. तपकिरी बाटलीत, उजेडापासून दूर ठेवलं तर ते टिकतं. जुनं द्रावण फिकट पिवळं पडलं असेल तर त्याच्यात जोर उरलेला नाही, नवीन करा.

सॅफ्रानिनने लाल रंग येतो, पण तो पटकन जास्त होतो. एक टक्का द्रावणाचा एक थेंब, अर्धं ते एक मिनिट, मग पाण्याने धुणं, हे पाळलं नाही तर भित्तिकेपासून केंद्रकापर्यंत सगळंच लाल होऊन बसतं. मिथिलीन ब्लूसुद्धा प्रयोगशाळेत एक टक्का असतं. ते दहापट पातळ करून वापरा.

कांद्यात आयोडीनने काळानिळा रंग का येत नाही, हा प्रश्न हुशार मूल विचारतंच. कांदा आपलं अन्न शर्करा आणि फ्रुक्टान (फळशर्करेच्या साखळ्या) यांच्या रूपात साठवतो, स्टार्चच्या नाही. उत्तर डोळ्यांनी दाखवायचं तर कापलेल्या बटाट्यावर ब्लेड हलकेच खरवडून तो पांढरा रस स्लाईडवर घ्या. न रंगवता स्टार्चचे अंडाकृती कण दिसतात, त्यांच्यावर एका टोकाकडे सरकलेली वर्तुळंही डायफ्रॅम बंद केल्यावर दिसतात. पातळ आयोडीन सोडलं की ते निळे-काळे होतात. दाट आयोडीन घातलं तर कण काळेकुट्ट होऊन वर्तुळं झाकून जातात. ते कण अवर्णलवकांत, म्हणजे रंगहीन लवकांत, तयार झालेले असतात, हेही तिथेच सांगून टाकावं.

कांदा चिरताना फेकून दिलेल्या कोरड्या, कागदासारख्या सालीचा तुकडाही एकदा पाण्यात ठेवून बघा. त्यात रिकाम्या भित्तिका असतात आणि बऱ्याच पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे चकचकीत लांबट स्फटिक. रॉबर्ट हूकने १६६५ साली बुचाच्या कापात जे पाहिलं, तेही असंच होतं: मेलेल्या पेशींच्या भिंती आणि आत पोकळी. केंद्रकाचं वर्णन रॉबर्ट ब्राऊनने १८३१ मध्ये केलं, तेही ऑर्किडच्या पानाच्या बाह्यत्वचेतल्या जिवंत पेशी बघताना. ओली आणि कोरडी साल शेजारी ठेवली की हा सगळा इतिहास मुलांना दोन मिनिटांत कळतो.

ऱ्हिओ: न दिसणारं पटल दाखवणारी स्लाईड

प्रद्रव्यपटल शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. ४०×, ०.६५ च्या भिंगाने साधारण अर्ध्या मायक्रोमीटरपर्यंतचा तपशील वेगळा करता येतो, आणि पटलाची जाडी त्याच्या साठ-सत्तर पट कमी आहे. आयपीस १०× ऐवजी १५× लावला तर तोच धुरकटपणा मोठा होऊन दिसतो, नवीन काही दिसत नाही. कांद्याच्या आकृतीत मुलं ‘प्रद्रव्यपटल’ असा बाण काढतात, तो न बघता काढलेला असतो. ते पटल आहे हे डोळ्यांना पटवायचं, तर ऱ्हिओ हवा.

ऱ्हिओ म्हणजे वरून हिरव्या आणि खालून जांभळ्या लांब पानांचं शोभेचं झाड. शाळेच्या आवारात, सोसायटीच्या वाफ्यात, कुंडीत कुठेही असतं. खालच्या बाह्यत्वचेतल्या पेशींच्या रिक्तिकेत अँथोसायनिन हे जांभळं रंगद्रव्य विरघळलेलं असतं, म्हणजे रिक्तिका आयतीच रंगवून मिळते. पानाच्या रसाने काहींच्या त्वचेला खाज सुटते, म्हणून हात धुवावेत आणि डोळ्यांना लावू नयेत.

पापुद्रा काढायला पान तिरकं फाडा. फाटलेल्या कडेला जांभळा पातळ पदर बाहेर आलेला दिसतो. त्याची अगदी कडेची, सगळ्यात पातळ पट्टी कापा. हिरवं काही चिकटलं असेल तर तो भाग जाड आहे, टाकून द्या. पाण्यात स्लाईड करून आधी बघून घ्या: बहुकोनी जांभळ्या पेशी, रंग भित्तिकेपर्यंत भरलेला. मध्ये मध्ये पर्णरंध्रं दिसतात, त्यांच्या रक्षक पेशींत हिरवी हरितलवकं असतात. काही पेशी रंगहीन असतात. फाटलेल्या कडेजवळच्या अशा पेशी बहुधा ओढताना फुटून मेलेल्या असतात, पुढच्या प्रयोगात त्या काहीच दाखवणार नाहीत. बारीक सुयांचे जुडगे दिसले तर घाबरू नका, तेही कॅल्शियम ऑक्झलेटचेच स्फटिक आहेत.

आता १०० मिली पाण्यात ५ ग्रॅम मीठ विरघळवा. तराजू नसेल तर एक सपाट चहाचा चमचा मीठ साधारण तेवढंच भरतं. आयोडीन सोडलं तसंच हे द्रावण एका कडेने सोडा आणि समोरून टिपकागदाने ओढा. दोन-तीनदा करा. एकदाच थेंब ठेवला तर आतलं पाणी तसंच राहतं, द्रावण पातळ होतं आणि ‘काहीच होत नाही’ अशी तक्रार येते. स्लाईड स्टेजवरच ठेवून, बघत बघत केलं तर दोन ते पाच मिनिटांत जांभळा भाग कोपऱ्यांतून आत सरकू लागतो. आधी कडा आत वळलेल्या दिसतात, नंतर तो भाग आखडत गोलसर होतो. रंगही गडद होत जातो, कारण रंगद्रव्य तेवढंच राहिलं आणि पाणी कमी झालं. जांभळ्या गोळ्याची जी रेखीव कड दिसते, तिथेच प्रद्रव्यपटल आहे. आधी ते भित्तिकेला चिकटून होतं म्हणून वेगळं कळत नव्हतं. सायकलच्या टायरमधली ट्यूब हवा गेल्यावर बसते आणि टायर मात्र आपला आकार धरून राहतो, तसं हे होतं. हाच रससंकोच.

भित्तिका आणि आक्रसलेलं पटल यांच्या मधल्या मोकळ्या जागेत काय असतं? परीक्षेत हमखास विचारला जाणारा आणि हमखास चुकणारा प्रश्न. तिथे हवा नसते, पोकळीही नसते. बाहेरचं मिठाचं पाणीच असतं. सेल्युलोजची भित्तिका मीठ आणि पाणी दोन्ही आत जाऊ देते, अडवतं ते पटल.

मग मीठ काढून साधं पाणी आत ओढा, चार-पाच वेळा. जिवंत पेशींत जांभळा भाग पुन्हा पसरून भित्तिकेला टेकतो. इथे घाई नडते. मिठात पेशी फार वेळ राहिल्या किंवा द्रावण फारच तीव्र असलं, तर पटल फाटतं, रंग बाहेर सांडतो आणि पेशी परत भरत नाही. म्हणून संकोच स्पष्ट दिसला की लगेच पाणी सोडावं. दुसऱ्या पापुद्र्याला उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवून त्याच्यावर मीठ सोडा. रंग आधीच गळालेला असतो आणि संकोच होत नाही. परासरणाला, म्हणजे पटलातून पाण्याच्या अशा ये-जा करण्याला, पटल शाबूत लागतं, हे या एका तुलनेने सिद्ध होतं, आणि ती वगळली तर प्रयोग अर्धवट राहतो.

डच वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यूगो द व्रीस याने १८८४ साली वेगवेगळ्या द्रावणांची परासरणक्षमता मोजली, तेव्हा वापरलेल्या वनस्पतींत हीच होती. तेव्हा तिचं नाव ट्रॅडेस्कॅन्शिया डिस्कलर होतं. त्याची ही मोजमापं डच रसायनशास्त्रज्ञ फान्ट हॉफ यांच्या द्रावणांच्या सिद्धांताला उपयोगी पडली, आणि त्यांना १९०१ मध्ये रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल मिळालं. नववी-दहावीच्या मुलांकडून द व्रीसची रीत करून घेता येते. साखर ३.४, ६.८, १०.३, १३.७ आणि १७.१ ग्रॅम अशी वजन करून घ्या, प्रत्येक थोड्या पाण्यात विरघळवून एकूण द्रावण १०० मिली करा. ही झाली ०.१ ते ०.५ मोलारची पाच द्रावणं. प्रत्येकात ऱ्हिओचा एक पापुद्रा २० मिनिटं ठेवून त्याच द्रावणाच्या थेंबात स्लाईड करायची आणि ५० जांभळ्या पेशींपैकी किती आक्रसल्या ते मोजायचं. साधारण निम्म्या आक्रसल्या ते द्रावण पेशीरसाशी समपरासारी, म्हणजे परासरणाच्या दृष्टीने त्याच्या बरोबरीचं. पाण्याच्या थेंबात स्लाईड केली तर पेशी पुन्हा भरतात आणि मोजणी फसते, तेवढं सांभाळा.

ऱ्हिओ नसेल तर लाल कांद्याच्या मांसल थराच्या बाहेरच्या बाजूचा जांभळा पापुद्रा घ्या. नाशिक, अहिल्यानगरकडचा गडद लाल कांदा यासाठी चांगला. पापुद्रा लहान तुकड्यांतच निघेल आणि रंग ठिकठिकाणी कमी-जास्त असेल, तरी संकोच उत्तम दिसतो.

हायड्रिला

इथे कापणं नाही, सोलणं नाही, रंग नाही. मत्स्यालयाच्या दुकानात जुडी मिळते, तळ्यांतही वाढते. शेंड्याजवळचं एक कोवळं पान चिमट्याने बुडाशी तोडा आणि पाण्याच्या थेंबात सपाट ठेवा. पानाचं पातं दोनच पेशींच्या जाडीचं असतं, म्हणून आख्खं पान सूक्ष्मदर्शकाखाली चालतं. बारीक स्क्रूने दोन्ही थर वेगवेगळे दिसतात. आकृती एकाच थराची काढायची.

हरितलवकं भित्तिकेच्या कडेने फिरताना बघायची असतील, तर डहाळी पाण्यातच १०-१५ मिनिटं उजेडात, कोमट जागी ठेवावी. फ्रिजच्या थंडगार पाण्यातून किंवा अंधारातून काढलेलं पान स्थिर दिसतं. पान तोडल्यावर लगेच हालचाल नसली तरी पाच-दहा मिनिटं वाट बघा, मध्यशिरेजवळच्या लांबट पेशींत ती बहुधा आधी सुरू होते. हरितलवकं स्वतः पोहत नाहीत, फिरणारं पेशीद्रव्य त्यांना वाहून नेतं. मुलांना हे सांगावं लागतं, नाहीतर ती प्रत्येक लवकाला वेगळा जीव समजतात. बल्ब आरशाच्या फार जवळ असला की पाणी तापतं आणि हालचाल थांबते.

मोजणं आणि काढणं

पेशी किती मोठी, हे प्लास्टिकच्या पारदर्शक पट्टीने काढता येतं. १०× खाली पट्टीच्या मिमीच्या रेघा ठेवून गोलाचा व्यास मोजा. समजा १.८ मिमी आला आणि कांद्याच्या सहा पेशी टोकाला टोक लावून त्यात मावल्या, तर एक पेशी ०.३ मिमी, म्हणजे ३०० मायक्रोमीटर. ४०× वर तोच गोल चौपट लहान, ०.४५ मिमी. हे गणित प्रत्येक गटाने स्वतः करावं, कारण आयपीसप्रमाणे व्यास बदलतो.

आकृती टोकदार पेन्सिलीने, छटा न देता. तीन-चार पेशी पुरेत, पण भित्तिका दुहेरी रेघेने. खाली एकूण पटी लिहायच्या: आयपीस १०× आणि भिंग ४०× म्हणजे ४००×. तंतुकणिका, गॉल्जी, आंतर्द्रव्यजालिका यांना बाण काढू देऊ नका. तंतुकणिका अर्धा ते एक मायक्रोमीटर रुंद, दिसलीच तर हलणारा ठिपका, आतली रचना कधीच नाही. जे दिसलं तेवढ्यालाच नाव. कांद्याच्या आकृतीत हरितलवकं काढणाऱ्याचे गुण कापावेत आणि केंद्रक कडेला काढणाऱ्याला शाबासकी द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक सूक्ष्मदर्शक आणि पन्नास मुलं असतील, तर मोबाइलचा कॅमेरा आयपीसवर धरून चित्र सगळ्यांना दाखवता येतं. भिंग आयपीसला टेकवू नका. एखादा सेंटिमीटर वर धरून हळूहळू जवळ न्या, पूर्ण गोल उमटला की थांबा. हायड्रिलाचं वहन आणि ऱ्हिओचा संकोच यांचा व्हिडिओ काढावा. तरीही प्रत्येक मुलाचा डोळा एकदा आयपीसला लागायलाच हवा. तास लांबला तर दर दहा मिनिटांनी कव्हर स्लिपच्या कडेला पाण्याचा थेंब द्या. सुकत चाललेल्या स्लाईडवर कडांकडून हवा घुसते. ग्लिसरीन घातलं तर स्लाईड सुकत नाही, पण ते पेशीतलं पाणी ओढतं. रंगवलेल्या कांद्याला चालेल, जिवंत पेशीला नाही.

मिठाचा थेंब ४०× भिंगाला लागला असेल तर लगेच, लेन्सच्या कागदाला किंचित पाणी लावून पुसा आणि कोरडं करा. राहिलेलं मीठ धातूची कड खातं. शर्टाने किंवा रुमालाने पुसल्यावर धुळीचे कण भिंगावर ओरखडे पाडतात. सूक्ष्मदर्शक नेताना एक हात दांड्याला, एक हात तळाखाली. कोकण आणि गोव्यात, खरं तर पावसाळ्यात सगळीकडेच, भिंगांवर बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे येतात आणि ते काचेवरचा लेप खातात. बंद पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवा. निळे खडे गुलाबी झाले की त्यांनी पोटभर ओलावा घेतलेला असतो. स्वयंपाकात न वापरायच्या लोखंडी तव्यावर मंद आचेवर ते परत निळे होईपर्यंत तापवायचे आणि थंड झाल्यावर पुन्हा पेटीत.